वरच्या टीमची फ्लायर, खालच्या टीमची बेस

दर मे महिन्यात आमच्या चिअरलीडिंगच्या जिममध्ये नव्या मोसमाची निवड चाचणी होते. मुलं चार-पाचच्या गटानं फ्लोअरवर येतात, जमतं ते सगळं करून दाखवतात, प्रशिक्षक हातातल्या कागदावर खुणा करतात आणि मग याद्या लागेपर्यंत घरोघरी कुणी कुणाशी धड बोलत नाही. गेल्या मोसमाचा ई-मेल आला तेव्हा लेकीचं नाव दोन याद्यांत होतं. ज्युनिअर लेव्हल ४, आणि खाली यूथ लेव्हल २. दुसऱ्या नावापुढे 'क्रॉसओव्हर' असं लिहिलेलं, म्हणजे एकाच मोसमात दोन टीममध्ये उतरायचं.

पहिल्या यादीचा आनंद दुसऱ्या यादीनं खाऊन टाकला. "लेव्हल टू? बाबा, ते मी लहान असताना केलंय!" असं म्हणून अकरा वर्षांची बाई खोलीत निघून गेली.

भारतात कुणाला हे सांगायचं तर आधी थोडी सफाई करावी लागते. चिअरलीडर म्हटलं की आयपीएलमध्ये चौकार गेल्यावर सीमारेषेपाशी नाचणाऱ्या मुलीच लोकांच्या डोळ्यांसमोर येतात. माझ्या आईला तर नात नक्की काय करते हे शेजारी सांगताना अवघड व्हायचं. शेवटी तिला व्हिडिओ पाठवला. पिरॅमिड बघून ती म्हणाली, "अगंबाई, हे तर गोविंदांचे थर!" बरोबरच आहे तिचं. फक्त इथे थर रचून कुणी थांबत नाही. वरच्या मुलीला उडवतात, झेलतात, आणि तिचे पाय जमिनीला लागेपर्यंत बाकीच्या पुढच्या जागी पळालेल्या असतात.

ऑल-स्टार चिअरमध्ये दुसऱ्या कुठल्या संघाला प्रोत्साहन द्यायचं नसतं. हेच स्पर्धक, हीच स्पर्धा. ५४ फूट बाय ४२ फुटांचा स्प्रिंगचा फ्लोअर, अडीच मिनिटांचं रुटीन, त्यात स्टंट (एकीला उचलून वर धरणं), पिरॅमिड, टंबलिंग (जमिनीवरच्या कोलांट्या), उड्या आणि नाच. आम्ही राहतो त्या डॅलसशी या प्रकाराचं नातं जुनं आहे. इथल्याच लॉरेन्स हर्किमर यांनी १९४८ मध्ये नॅशनल चिअरलीडर्स असोसिएशन सुरू केली, आणि एका उडीला आजही त्यांच्याच नावावरून 'हर्की' म्हणतात. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं चिअरच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. हे मी आईला मुद्दाम सांगितलं. शेजारी सांगायला बरं पडतं.

आता लेव्हलचं. ऑल-स्टारचे नियम यू.एस. ऑल स्टार फेडरेशन ठरवते आणि त्यात वय व कौशल्य अशा दोन वेगळ्या शिड्या आहेत. वयाची शिडी जन्मसालावरून: टायनी, मिनी, यूथ, ज्युनिअर, सीनिअर. कौशल्याची शिडी एकपासून सातपर्यंत. वयोगटांच्या मर्यादा एकमेकींवर चढलेल्या असल्यामुळे अकरा वर्षांचं मूल यूथमध्येही बसतं आणि ज्युनिअरमध्येही. क्रॉसओव्हरची सगळी गंमत आणि सगळी भांडणं इथूनच सुरू होतात.

टंबलिंगचं उदाहरण घेतलं की लेव्हल लवकर कळतात. एकमध्ये कोलांट्या, कार्टव्हील, वॉकओव्हर. हात किंवा पाय कायम जमिनीशी. दोनमध्ये बॅक हँडस्प्रिंग येते, म्हणजे मागे झेपावून हातांवरून उलटून पुन्हा पायांवर. पळत येऊन लागोपाठ मारा, पण उभ्या जागेवरून एकच. तीनमध्ये पळत येऊन टक, म्हणजे हात न टेकता गुडघे पोटाशी घेऊन मागे कोलांटी. चारमध्ये तीच कोलांटी सरळ अंगानं, म्हणजे लेआउट. शिवाय उभ्या जागेवरून टक. पाचमध्ये हवेत एक पूर्ण गिरकी, सहापासून दोन. स्टंटचंही तसंच. लेव्हल २ मध्ये फ्लायरला, म्हणजे वर जाणाऱ्या मुलीला, डोक्यावर पूर्ण हात ताणून धरता येतं, पण तिचे दोन्ही पाय हातांत हवेत. एका पायावर उभं करायचं तर खांद्याच्या उंचीलाच. लेव्हल ४ मध्ये तीच मुलगी एका पायावर, पूर्ण उंचीवर, आणि खाली येताना गिरकी घेऊन.

लेव्हल ४ चं येतं म्हणून लेव्हल २ मध्ये ते करून दाखवलं तर शाबासकी मिळत नाही, गुण कापले जातात. कोण नियमाबाहेर काय करतं हे पकडण्यासाठी वेगळा पंच बसलेला असतो. म्हणजे वरच्या टीममध्ये जायचं तर जास्त शिकावं लागतं आणि खालच्या टीममध्ये जायचं तर शिकलेलं आवरावं लागतं. या दोन्हींत दुसरं सोपं असेल अशी माझी समजूत होती.

जिमला ती यूथ २ मध्ये का हवी होती, हे मालकीणबाईंनी पहिल्याच भेटीत न आडवळता सांगितलं. यूथ टीममध्ये फ्लायर होण्याजोग्या लहानखुऱ्या मुली भरपूर होत्या, बेस, म्हणजे खालून उचलून धरणाऱ्या, कमी होत्या. एका स्टंट गटाला दोन बेस, एक बॅकस्पॉट (मागून आधार देणारी), एक फ्लायर, आणि लागलीच तर पुढे आधाराला एक, अशा चार-पाच जणी लागतात. एक बेस नसली की अख्खा गट उभा राहत नाही आणि गट कमी पडले की काठिण्याचे गुण जातात, कारण किती जणींनी ते कौशल्य केलं यावरही गुण ठरतात. ज्युनिअर ४ मध्ये आमची लेक सगळ्यांत बारकी म्हणून फ्लायर. यूथ २ मध्ये तीच उंच मुलींत मोडणारी, म्हणून बेस. एकाच आठवड्यात मंगळवारी लोक तिला उचलणार आणि बुधवारी तिनं लोकांना उचलायचं.

पैशांचं आम्ही तिथेच विचारून घेतलं, आणि कुणीही तसंच करावं. जिमला गरज होती म्हणून दुसऱ्या टीमची मासिक फी माफ झाली. गणवेश सगळ्या टीमचा एकच, त्यामुळे ते चार-पाचशे डॉलर पुन्हा मोजावे लागले नाहीत. पण स्पर्धांची प्रवेश फी, कोरिओग्राफीची फी आणि संगीताची फी टीममागे वेगळी. म्हणजे 'फुकट' क्रॉसओव्हरही फुकट नसतो.

आणखी एक गोष्ट लवकरच कानावर आली, ती म्हणजे 'सँडबॅगिंग'. वरच्या दर्जाची मुलं खालच्या लेव्हलला उतरवून पदकं लुटायची, त्याला इथे हे नाव आहे. पार्किंग लॉटमध्ये एका आईनं मला अगदी गोड आवाजात विचारलं, "तुमची ती लेव्हल फोरवाली ना? मग इथे कशी?" तिच्या मुलीनं दोन वर्षं खपून हँडस्प्रिंग मिळवली होती. तिचा प्रश्न मला लागला, पण तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. नियमांचा काहीसा बंदोबस्त आहे: खालच्या लेव्हलला काठिण्याची कमाल मर्यादा ठरलेली असते, त्यामुळे लेआउट येणारी मुलगी तिथे काठिण्याचे जास्तीचे गुण आणू शकत नाही. पण सफाईचे गुण आणू शकते. पाय जुळलेले, बोटं ताणलेली, सगळ्यांबरोबर एकाच ठोक्याला. टीमभर असे हात भरले तर ती टीम लेव्हल २ ची राहत नाही, लेव्हल २ च्या कपड्यातली लेव्हल ४ होते. आमच्या यूथ टीममध्ये तिघी क्रॉसओव्हर होत्या. तिघींवर मी गप्प बसलो. दहा असत्या तर बसलो नसतो, असं निदान मला वाटतं.

सराव जूनमध्ये सुरू झाले. वरच्या टीमचं मला कळत होतं: नवं कौशल्य, भीती, पडणं, पुन्हा उठणं. एका पायावर पूर्ण उंचीला उभं राहून दुसरा पाय हातानं वर धरायचा, आणि त्यातून गिरकी घेऊन खाली झेललं जायचं. घरी कपाटाच्या कडेला धरून ती तासन्‌तास पाय ताणत बसायची. याला खेळाडूचं आयुष्य म्हणतात, हे बापालाही दिसतं.

खालच्या टीमचं कळायला वेळ लागला. पहिले काही आठवडे ती तिथे पाहुण्यासारखी वावरली. हँडस्प्रिंग मारताना तिचं अंग आपोआप पुढच्या टकची तयारी करायचं. राउंडऑफ, दोन हँडस्प्रिंग आणि मग जी उसळी यायची ती लेव्हल ४ ची. बाकीच्या जिथे थांबायच्या त्याच्या दोन हात पुढे हिचे पाय पडायचे. यूथच्या कोच हसून म्हणायच्या, "छान आहे, पण ते आज नको." त्यांनी तिला एकदाही 'जोरात' असं सांगितल्याचं मला आठवत नाही. हळू, बरोबर, शेजारणीकडे लक्ष दे, एवढंच. शेजारणीच्या वेगानं धावणं हे तिला लेआउटपेक्षा जड गेलं.

आणि बेसचं काम. तिच्या गटाची फ्लायर आठ वर्षांची, त्या मोसमात पहिल्यांदाच डोक्याच्या उंचीला जाणारी. ही पोर वर गेली की घाबरून खाली बघायची. खाली बघितलं की डोकं पुढे, डोक्यामागे खांदे, खांद्यामागे कंबर, आणि मग सगळा डोलारा बेसच्या अंगावर. एका संध्याकाळी लेक गाडीत बसली ती नाकाला बर्फाची पिशवी धरून. कोपर लागलं होतं. "ती घट्टच राहत नाही, बाबा. नूडलसारखी उभी राहते." मी म्हटलं, तू राहतेस का घट्ट? उत्तर आलं नाही. पण पुढच्या मंगळवारी ज्युनिअरच्या सरावानंतर तिच्याच बेस असलेल्या दोन मोठ्या मुलींशी ती बराच वेळ बोलत उभी होती. आधीच्या मोसमात स्टंट पडला की आमच्या घरी बेसच्या चुकांची यादी ऐकू यायची. ती यादी बंद झाली. तिच्या कोचनं ऑक्टोबरमध्ये सांगितलं की हिचं वर उभं राहणं बदललंय, मांड्या आणि पोट आवळून धरते, बेसला हलकी लागते. वजन वाढलं होतं खरं तर.

त्या छोटीला वर बघायला शिकवायचं कामही आपोआप हिच्याकडे आलं. जिमच्या भिंतीवर उंच घड्याळ आहे. ही तिला म्हणायची, "वर गेलीस की किती वाजले ते मला सांग." पोर वेळ वाचायला मान वर करायची आणि स्टंट उभा राहायचा. नोव्हेंबरपर्यंत तिला घड्याळ लागेनासं झालं.

रुटीनचा गोंधळ मात्र व्हायचा तो झालाच. दोन्ही रुटीन आठ-आठच्या मोजणीवर, दोन्हींच्या संगीतात त्याच जिमचं नाव ओरडलेलं. फ्लोअर नऊ पट्ट्यांचा असतो आणि कुणी कुठल्या पट्टीवर उभं राहायचं हे त्यावरूनच ठरतं. पिरॅमिडच्या आधी एका रुटीनमध्ये तिला तिसऱ्या पट्टीवर जायचं, दुसऱ्यात सातव्या. सरावात ती बिनदिक्कत चुकीच्या टोकाला पळाली आणि तिकडे तीन मुली रिकाम्या हातानं तिची वाट बघत राहिल्या. घरी आम्ही दोन्ही संगीतं गाडीत वेगवेगळ्या दिवशी लावायला लागलो: ज्या दिवशी जी टीम, ती धून. त्याचा फायदा किती झाला माहीत नाही, मला मात्र दोन्ही तोंडपाठ झाली.

डिसेंबरात टाच दुखायला लागली. आधी सकाळी लंगडायची, मग सराव संपल्यावर. बालरोगतज्ज्ञांनी टाच दोन्ही बाजूंनी दाबून बघितली आणि सांगितलं, सेव्हर्स डिसीज. वाढत्या वयात टाचेच्या हाडाच्या वाढीच्या भागाला पोटरीच्या ताणामुळे आणि सततच्या आपटण्यामुळे सूज येते. नाव भयंकर, प्रकार तात्पुरता. हाड पूर्ण वाढलं की जातो. पण उड्या कमी करा, टाचेखाली जेलचे कप घाला, पोटऱ्या ताणा. मग त्यांनी विचारलं, आठवड्याला किती तास? दोन टीमचे प्रत्येकी दोन सराव, वर टंबलिंगचा वर्ग. मी मोटारीतल्या वेळा सोडूनही बेरीज दहाच्या पुढे गेली. त्या म्हणाल्या, मुलांच्या क्रीडावैद्यकात एक साधा आडाखा वापरतात: आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, आणि आठवड्यात निदान एक दिवस पूर्ण सुट्टी. आमची बेरीज अकराच्या अगदी काठावर होती, स्पर्धेच्या आठवड्यात काठाबाहेर. सुट्टीचा दिवस कागदावर होता, पण त्या दिवशी 'जादा सराव' लागायचा.

क्रॉसओव्हरमध्ये खरी मेख इथे आहे. प्रत्येक कोचला आपल्या टीमचे तास दिसतात, मुलाचे दिसत नाहीत. ज्युनिअरच्या कोचला वाटतं मुलगी काल आराम करून आली आहे, यूथच्या कोचलाही तेच. दोघींना एका खोलीत बसवून बेरीज दाखवायचं काम घरच्यांनाच करावं लागतं. आम्ही ते केलं. टंबलिंगचा वर्ग बंद झाला, आणि यूथच्या सरावात तिनं टंबलिंग फक्त चालून दाखवायचं, पूर्ण ताकदीनं रुटीन करायचं ते एकदाच, असं ठरलं. खालच्या टीममध्ये असणं इथे कामी आलं. ते टंबलिंग तिला झोपेतही येत होतं. फेब्रुवारीपर्यंत लंगडणं थांबलं.

स्पर्धेच्या दिवसाचं वेगळंच. वेळापत्रक हातात येतं ते स्पर्धा तोंडावर आल्यावर, आणि क्रॉसओव्हरचे पालक आधी एकच गोष्ट बघतात: दोन टीममध्ये अंतर किती? फ्लोअरवर जायच्या बऱ्याच आधी टीमला वॉर्मअपच्या दालनात हजर व्हावं लागतं. तिथे मिनिटं मोजून दिलेली असतात. आधी टंबलिंगच्या पट्टीवर, मग स्टंटसाठी, मग पडद्यामागे रांगेत. जानेवारीत एका स्पर्धेत आमच्या दोन टीम इतक्या जवळ पडल्या की लेक एकीकडे फ्लोअरवर असताना दुसरीकडे तिच्या गटाचा वॉर्मअप सुरू झाला असता. जिमनं क्रॉसओव्हरची यादी आयोजकांना कळवली होती म्हणून त्यांनी क्रम बदलून दिला. कळवली नसती तर आठ वर्षांची ती पोर त्या दिवशी जमिनीवरच राहिली असती.

केसांचा अंबाडा, त्यावर तो प्रचंड मोठा बो, डोळ्यांवर चमकी, हे माझ्याकडे आहे. बायकोला अडीच मिनिटं बघवत नाहीत, ती डोळ्यांवर हात ठेवून बसते. मग निदान केस तरी मी करतो. दोन रुटीनच्या मधे अंबाडा सुटला तर परत बांधायला लागणाऱ्या पिना माझ्या खिशात असतात.

फेब्रुवारीअखेर एनसीएची, म्हणजे हर्किमर यांच्या त्या असोसिएशनची, राष्ट्रीय स्पर्धा, डॅलसच्या के बेली हचिसन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये. देशभरातून टीम येतात. आम्ही मात्र घरून डबा घेऊन गेलो. दोन दिवस, दोन्ही दिवसांचे गुण धरतात. ज्युनिअर ४ चा पहिला दिवस चांगला गेला, दुसऱ्या दिवशी पिरॅमिड कोसळला. लेकीची चूक नव्हती. पण वरून पडणारी तीच, त्यामुळे सगळ्यांनी बघितलं ते तिलाच. ती रडत बाहेर आली, आणि तासाभरानं यूथबरोबर तिला पुन्हा आत जायचं होतं. मी पिना काढल्या, काहीच बोललो नाही. वॉर्मअपच्या दाराशी ती आठ वर्षांची फ्लायर तिचा हात धरून उभी राहिली. तिनं ज्युनिअरचं काही पाहिलेलं नव्हतं आणि तिला त्याचं काही पडलेलंही नव्हतं. तिला फक्त तिची बेस हवी होती. यूथ २ चं रुटीन एकही गुण न कापला जाता पार पडलं. त्याला इथे 'हिट झीरो' म्हणतात.

विजेत्यांना मिळणारं जॅकेट दुसऱ्याच जिमच्या टीमला गेलं. मोसमाच्या शेवटी 'समिट' या मोठ्या स्पर्धेसाठी बोलावणं आलं ते यूथ २ ला, ज्युनिअर ४ ला नाही. समिट ऑर्लँडोला, डिस्नी वर्ल्डच्या क्रीडा संकुलात भरते आणि तिथे आमंत्रणाशिवाय जाता येत नाही. आमचं आमंत्रण 'ॲट लार्ज' होतं. याचा अर्थ जागा तुमची, खर्चही तुमचाच. विमान, हॉटेल, प्रवेश फी मिळून आकडा असा झाला की मी तो पुण्याला आईला सांगितलेला नाही. ज्युनिअरच्या काही पालकांच्या चेहऱ्यावर उघड नाराजी होती. पार्किंग लॉटमधल्या त्या आईनं मात्र या वेळी विचारलं, "हॉटेल एकत्र बुक करायचं का?" अंतिम फेरी काही आम्हाला गाठता आली नाही.

यंदा मे महिन्यात चाचणीच्या अर्जावर नेहमीचा रकाना होता: क्रॉसओव्हरला तयार आहात का? लेकीनं स्वतःच हो लिहिलं. याद्या लागल्यावर मालकीणबाईंचा फोन आला की तिसऱ्या एका टीमलाही बॅकस्पॉट हवी आहे, उंची वाढली आहे, जमेल का. तिसरीला आम्ही नाही म्हटलं. दोन टीम, दोघी कोचना एकच लेखी वेळापत्रक, सोमवार पूर्ण मोकळा आणि राष्ट्रीय स्पर्धेनंतर आठवडाभर उड्या बंद, अशा अटी घातल्या. सोमवार सोडून बाकी सगळं त्यांनी मान्य केलं. सोमवारचं बोलणं अजून चालू आहे.